अनुभव धागा: छोट्या गावात गेल्यावर स्वच्छतागृह कसं शोधलंत?

गेल्या महिन्यात आईला घेऊन एका अगदी छोट्या गावात गेले होते. गावाबाहेरच्या टेकडीवर जुनी दगडी शिल्पं आहेत, ती पाहायची तिची फार दिवसांची इच्छा होती. सकाळच्या बसने उतरलो, परतीची बस तीन तासांनी. आई ६८ वर्षांची. उतरून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तिने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "इथे कुठे जायची सोय असेल का गं?"

सोय होती. थांब्याच्या मागेच होती. पांढऱ्या भिंती, दारांवर बाईचं आणि पुरुषाचं चित्र, आणि दोन्ही कड्यांना कुलूप. मी तीन जणांना विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?" तिघांनीही त्याच इमारतीकडे बोट दाखवलं. चौथ्यांदा एका शाळकरी मुलीला विचारलं, "याची किल्ली कोणाकडे असते?" ती म्हणाली, "आजींकडे. थांबा, आणते," आणि पळत सुटली. दोन मिनिटांत किल्ली हजर. वीतभर लाकडी ठोकळ्याला सुतळीने बांधलेली. ठोकळ्याच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. आत बादली काठोकाठ भरलेली, फरशी कोरडी, कोनाड्यात साबणाची नवी वडी. आई बाहेर आली आणि टेकडी माझ्या आधी चढून गेली.

येताना बसमध्ये कळलं, आदल्या रात्रीपासून तिने पाणी जवळजवळ सोडलंच होतं. "बाहेर पंचाईत नको" म्हणून. आयुष्यभर प्रत्येक प्रवासात ती हेच करत आली, आणि मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून हे मनातून जात नाही. तुम्ही कसं शोधता, कोणाला विचारता, काय सोबत नेता, कुठे अडलात, मोकळेपणाने लिहा. लाजण्यासारखं यात काही नाही.

०००

ताई, आईंना सांगा, पाणी सोडू नका. मी परिचारिका आहे आणि सहलीहून आल्यावर लघवीची जळजळ घेऊन येणाऱ्या बायका कायम पाहते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतू वर पोचायला वेळ लागत नाही. पोटात पाणी गेलं की ते धुतले जातात. पाणीच प्यायलं नाही आणि वर तासन्‌तास दाबून धरलं, तर त्यांना आयतं रान मिळतं. शिवाय घट्ट, गडद लघवी मूत्राशयाला टोचते, म्हणजे थोडीच साठली तरी घाई होते.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर मावतं आणि पहिली जाणीव १५० ते २०० च्या आसपास होते. म्हणजे पहिल्या जाणिवेनंतर बहुतेकांच्या हातात थोडा वेळ असतो. घाबरून जाऊ नये. पाणी थोडं थोडं दिवसभर प्यावं, एकदम तांब्याभर नको. चहा-कॉफी मात्र निघताना टाळावी, त्याने लघवी जास्त होते. आणि खात्रीची जागा दिसली की गरज वाटो न वाटो, जाऊन यावं.

०००

माझं वय ७१. हृदयासाठी पाणी काढणारी गोळी चालू आहे. ती घेतल्यावर तासाभरात परिणाम सुरू होतो आणि सहाएक तास राहतो. पहिल्या वर्षी हे लक्षात न घेता सकाळी आठला गोळी घेतली आणि नऊच्या गाडीत बसलो. पुढचा त्रास लिहवत नाही. गाव गाठेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं होतं. काही मंडळी प्रवासाच्या दिवशी गोळीच बुडवतात, तसं कृपा करून करू नका. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी माझ्यापुरतं सांगितलं की प्रवासाच्या दिवशी पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालेल. प्रत्येकाचं वेगळं असतं, आपापल्या डॉक्टरांना विचारा. विचारायला मी वर्ष घालवलं याचंच वाईट वाटतं.

०००

मुलगा साडेतीन वर्षांचा. "आई, शू" म्हणाल्यापासून फार तर दोन मिनिटं. शोधायला वेळच नसतो, म्हणून घडीची पॉटी आणि जाड पिशव्या गाडीत कायम. दोन जोडी चड्ड्या माझ्या पाठपिशवीत, गाडीत नाही, कारण गाडी नेहमी लांब लावलेली असते.

०००

मी सायकलवर गावोगाव हिंडतो, एकटाच. थोड्या अनुभवाने एक क्रम बसला आहे. गाव येण्याआधी मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंप लागला तर तिथेच थांबतो, पुढे काही मिळेल हे गृहीत धरत नाही. गावात शिरल्यावर आधी दवाखाना. तिथे नळाला पाणी हमखास असतं आणि विचारणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. मग वाचनालय, रेल्वे असेल तर स्थानक, गावाची कचेरी. शाळेत मात्र मुलं असताना मी जात नाही. अनोळखी पुरुषाने मुलांच्या स्वच्छतागृहाकडे जाणं बरोबर नाही, सुट्टीच्या दिवशी राखणदाराला विचारून जातो.

निघण्यापूर्वी ओपनस्ट्रीटमॅपचा त्या भागाचा नकाशा मोबाइलवर उतरवून घेतो, कारण खोऱ्यात रेंज जाते. या नकाशात स्वच्छतागृहाची स्वतंत्र खूण असते आणि ती कोणीही भरू शकतं. अडचण एवढीच की छोट्या गावांच्या खुणा कोणी भरतच नाही.

०००

पाळीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मैत्रिणीच्या आजोळी गेले होते, तारखेच्या आठ दिवस आधी आली. गावातलं स्वच्छतागृह उघडं होतं, पाणी होतं, आतून कडी होती, पण कचऱ्याची टोपली नव्हती. वापरलेलं पॅड हातात धरून मी आत पाच मिनिटं उभी राहिले. खिडकीच्या गजामागे कोणीतरी खोचून ठेवलेली तशीच पुरचुंडी दिसत होती. माझ्यासारखीच कोणीतरी अडली असणार. भांड्यात टाकायचं नाही एवढं माहीत होतं. शेवटी डोक्याचा रुमाल सोडला, त्यात गुंडाळलं आणि दिवसभर पिशवीच्या तळाशी घेऊन फिरले. उन्हाळ्याचे दिवस होते. कोणाच्या शेजारी बसायचं धाडस झालं नाही.

आता माझ्या पिशवीत एक छोटा कप्पा यासाठीच आहे: जुनं वर्तमानपत्र, दाबून बंद होणाऱ्या दोन-तीन पिशव्या, साबणाचे कागदी तुकडे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. वापरलेलं परत शहरात आणून टाकते. सवय झाल्यावर पाळीचा कप, म्हणजे आत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा पेला, घ्यायला लागले. तो १२ तासांपर्यंत ठेवता येतो, त्यामुळे सकाळी घालून निघालं तर गावात बदलायची वेळच येत नाही. पण नवीन असाल तर आधी दोन-तीन महिने घरी सराव करा, पहिला प्रयोग प्रवासात नको. टॅम्पॉन, म्हणजे आत घालायचा कापसाचा बोळा, वापरणाऱ्यांनी तो ८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, मग जागा मिळो न मिळो.

आणि जिथे टोपली नाही तिथे ती ठेवायला सांगा. मी त्या गावात दुसऱ्यांदा गेले तेव्हा झाकणाची बादली सोबत घेऊन गेले. अजून तिथे आहे.

०००

माझे पती चाकाच्या खुर्चीवर असतात. आमच्यासाठी "आहे" हे उत्तर पुरेसं नसतं. खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद, म्हणून दाराची मोकळी रुंदी निदान ८० तरी लागते. उंबरा नको, पायरी नको, आत वळायला जागा हवी. एका गावात रॅम्प मोठा छान बांधला होता आणि वर दारात चार बोटं उंचीचा कट्टा! पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला. खुर्ची त्याच्यावर चढेना. दोन मुलांनी उचलून आत नेलं. यांनी आभार मानले, पण नंतर संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता मी गावात फोन करून फोटो मागवते. दाराचा, जमिनीपासून, समोर एक चप्पल ठेवून. चपलेवरून मापाचा अंदाज येतो. ब्रिटनमध्ये १९८१ पासून एक योजना आहे, अपंगांसाठीच्या हजारो स्वच्छतागृहांना एकच किल्ली चालते आणि ती किल्ली माणसाच्या स्वतःच्या खिशात असते. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

०००

आता मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या गावाच्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्याकडे असते, धागा काढलेल्या ताईंना भेटलेल्या आजींसारखीच.

किल्लीला एवढा मोठा ठोकळा कशासाठी, असं पाहुणे विचारतात. तो खिशात मावू नये म्हणून! आमची किल्ली पाहुण्यांच्या खिशातून दोनदा शहरात गेली. दोन्ही वेळा कुलूप तोडावं लागलं, आणि नवं येईपर्यंत चार दिवस दार दोरीने बांधलेलं.

कुलूप आम्ही हौसेने लावलं नाही. सुट्टीच्या दिवशी गावातल्या माणसांपेक्षा बाहेरची माणसं जास्त असतात. खाली सेप्टिक टाकी आहे. तिच्यात मैला तळाशी बसतो, जंतू तो कुजवतात आणि वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. हे सगळं जंतूंच्या जिवावर चालतं. लोक चांगल्या मनाने बाटलीभर ॲसिड ओतून जातात, त्याने जंतूच मरतात. ओले टिश्यू तर सगळ्यात वाईट. कागद वाटतो, पण त्यात बऱ्याचदा प्लॅस्टिकचे धागे असतात, तो विरघळत नाही. मागच्या वर्षी नळीच्या बाकात असा बोळा अडकला होता. मी आणि माझ्या दिराने तार घालून ओढला तर हातभर लांब दोर निघाला, वेणीसारखा पिळलेला. तीन दिवस स्वच्छतागृह बंद, आणि ते तीन दिवस गावच्या बायकांनीही काढले, हे बाहेरच्यांना दिसत नाही.

मागायला या. खरंच या. जेवताना आलात तरी मी उठून देते. फक्त बादली परत भरून ठेवा, आणि किल्ली माझ्या हातात द्या, कट्ट्यावर ठेवून जाऊ नका.

०००

मला मोठ्या आतड्याचा जुनाट आजार आहे. घाई लागली की मिनिटांचा हिशेब असतो. पूर्वी मी आडवळणाने बोलायचो, "जरा फ्रेश व्हायचंय", "हात धुवायचेत". लोक बाहेरचा नळ दाखवायचे. आता पहिल्याच घराच्या दारात उभं राहून सांगतो, "मला पोटाचा आजार आहे, आत्ता लगेच संडासला जावं लागेल, तुमचा वापरू का?" एवढंच. गेल्या सहा वर्षांत दोनदाच नाही ऐकलंय, त्यातल्या एका घरात खरोखरच नव्हता.

०००

जपानमध्ये राहते. इथे १९९३ पासून खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर 'मिचि-नो-एकि' आहेत, म्हणजे रस्त्यावरची स्थानकं. अशी मान्यता मिळायला स्वच्छतागृह आणि वाहनतळ २४ तास उघडे असावेच लागतात. गावात शिरण्याआधी तिथे जायचं, हे इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. जर्मनीतही २००० साली आलेन या शहरातून एक पद्धत सुरू झाली. खाणावळी दाराला खुणेचा कागद लावतात, काहीही विकत न घेता आत जाता येतं आणि देखभालीचे पैसे नगरपालिका देते.

०००

जिथे काहीच नाही तिथलं थोडक्यात. पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जा, विहीर, ओढा, तळं काहीही असो. १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, काम झाल्यावर मातीने नीट बुजवा. कागद पिशवीत घालून परत आणा. पायवाट, शेताचा बांध आणि झऱ्याची वरची बाजू टाळा, दुसऱ्यांचं पिण्याचं पाणी त्यातूनच येतं. अंधारात विजेरीशिवाय जाऊ नका.

०००

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. पाळीवरचं तिने दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "आम्ही तर हे एकमेकींनाही सांगायचो नाही."

सायकलवाल्या दादांनी लिहिल्यावर मी त्या गावाची खूण नकाशात भरायला बसले. पण आजींना न विचारता कसं लिहायचं, म्हणून त्या शाळकरी मुलीच्या घरी फोन करून आजींना बोलावून घेतलं. दाराची रुंदीही तिलाच मोजायला सांगितली, ७४ सेंटिमीटर भरली. म्हणजे वरच्या ताईंच्या पतींना चालणार नाही, तेही नोंदवलं. आजी म्हणाल्या, घर कुठलं ते लिहा, माझं नाव नको. मग म्हणाल्या, सकाळी सहापासून लिहा, मी उठलेलीच असते. मी विचारलं, संध्याकाळी किती वाजेपर्यंत लिहू? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "शेवटची बस साडेआठला येते. ती येऊन जाईपर्यंत लिहा."