कळंब्याकडची कोल्हेकुई आणि जिनिव्हा लेक

सी ४०२ दादा: काल रात्री परत कोल्हेकुई ऐकली काय कुणी? मागच्या उसातनं, जेवणं झाल्यावर, चारपाच तरी असतील. पोरं खाली सायकल खेळत असतात. वॉचमन म्हणतोय शेजारच्या मळ्यातला एकजण औषध लावलेलं मटण टाकायला तयार हाय, सांगू काय त्याला?

ए १०२ वहिनी: मी पण ऐकलं, अंगावर काटाच आला. कायतरी करा की लवकर.

बी ३०१ काकू: दादा औषध अजिबात नको, हात जोडून सांगते. कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विष घालणं सरळ गुन्हा आहे, आणि ते मटण काय फक्त कोल्हाच खाणार आहे का, कुत्री, मांजरं, घारी, मुंगूस, जे येईल ते मरणार.

बी ३०१ काकू: आमची धाकटी जिनिव्हा लेकच्या फ्रान्सकडच्या काठाला राहते, वर आल्प्सचे डोंगर, खाली तळं. तिकडं पण सध्या कोल्ह्याचीच चर्चा आहे, कारण त्या भागात हा प्राणी लोकांनी कधी बघितलाच नव्हता. फ्रान्समधली पहिली नोंद त्याच जिल्ह्यातली, ओत-साव्वा मधली, २०१७ ची. स्वित्झर्लंडमध्ये २०११ ला लिंक्स (तिकडचं रानमांजर) मोजायला लावलेल्या कॅमेऱ्यात सापडला, जर्मनीत २०२१ ला ब्लॅक फॉरेस्टकडं पिल्लं झाली, २०२० ला तर पार नॉर्वेच्या उत्तर टोकाला दिसला. आणि हा कुठला वेगळा प्राणी नव्हे, आपल्या उसात ओरडतोय तोच सोनेरी कोल्हा, जात एकच.

सी ४०२ दादा: तिकडं कुणीतरी नेऊन सोडलं असंल काकू. एवढ्या लांब आपणहून कसा जाईल?

बी ३०१ काकू: आपणहूनच गेलाय. तिकडं पसरलेला बाल्कन देशातनं आलाय, बल्गेरिया सर्बिया वगैरे. तरणी पिल्लं मोठी झाली की आईबापाची हद्द सोडून नवी जागा हुडकत जातात, नदीच्या काठानं, शेतातनं, आणि अशी शेकडो किलोमीटर जातात. एरवी लांडगा असला की कोल्हा दबून राहतो, पण युरोपात माणसानं बऱ्याच ठिकाणचा लांडगा मारून संपवला होता, मग वाट मोकळी झाली. दुसरं म्हणजे बर्फ. कोल्ह्याचे पाय बारीक, खोल बर्फात रुततात, आता हिवाळे कमी पडायला लागलेत तसा तो डोंगराकडं सरकतोय. तिसरं कारण पण मोठं, उघड्यावर टाकलेलं खाणं.

ए १०२ वहिनी: पण मेंढ्या कोकरं खात असतील ना?

बी ३०१ काकू: हो, कोकरू एकटं सापडलं तर उचलतो, तिथल्या मेंढपाळांची काळजी खरी आहे, रात्री कुंपणात घ्यावी लागतात. पण त्याचं रोजचं खाणं उंदीर, किडे, फळं, मेलेली जनावरं. सर्बियातल्या संशोधकांनी २०१६ ला हिशोब मांडला होता, युरोपातले कोल्हे मिळून वर्षाला १३ हजार टनांच्या वर टाकाऊ मांस खाऊन साफ करतात आणि पिकातले जवळजवळ १५ कोटी ८० लाख उंदीर. आपल्या उसात उंदीर किती करतात ते शेतकऱ्याला विचारा.

डी २०४ भाऊ: काकू पण बाल्कनमध्ये पूर्वी विष घालूनच कमी केले होते ना, मी वाचलंय.

बी ३०१ काकू: बरोबर वाचलंस बाळा. कोल्हे कमी झालेच, पण त्याच विषानं तिथली गिधाडंही गेली. बल्गेरियात १९६२ ला कोल्ह्याला संरक्षण दिलं तेव्हापासनं तो परत वाढला, गिधाडं परत आणायला मात्र किती वर्षं राबावं लागलं, अजून राबतायत. आपल्याकडं गिधाडं आधीच गेलेली, आता जे उरलंय त्याला तरी हात लावू नका.

डी २०४ भाऊ: तिकडं कोल्हे मोजतात कसं मग?

बी ३०१ काकू: स्पीकरवर कोल्हेकुई वाजवतात आणि गप थांबतात, हद्दीतलं अख्खं कुटुंब लगेच उत्तर देतं. म्हणून तर आपल्याला चारपाच वाटतात ते बहुतेक एक जोडी आणि त्यांची पिल्लंच असतील.

सेक्रेटरी: काकू, सोसायटीनं नेमकं काय करायचं ते सांगा.

बी ३०१ काकू: मागच्या गेटजवळ चिकनचा कचरा पडतोय तो आधी बंद करा, त्याच्यावर कुत्री जमतात, कोल्हाही येतो, आणि कुत्र्यांकडनं त्याला रेबीज होऊ शकतो. आता गळीत हंगाम, ऊस तुटला की त्यांचा आडोसा जाणार, थोडे दिवस जास्त दिसतील, अंधार पडला की लहान पोरांना मागच्या बाजूला एकटं सोडू नका. दिवसाउजेडी झोकांड्या खात अंगावर येणारा दिसला तर कुणी काठी घेऊन जाऊ नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा. कोण चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि तडक सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) जाऊन लस घ्यायची, हळद चुना काही नाही.

ए १०२ वहिनी: काकू हा मेसेज पिन करा की.

सी ४०२ दादा: वॉचमनला सांगितलं, औषधाचं नाव काढायचं नाही. त्या मळेवाल्याशी पण मीच बोलतो, ओळखीचा हाय. चिकनवाल्याकडं सकाळी सेक्रेटरी आणि मी जाऊन येतो.

सेक्रेटरी: चालतंय, आठला गेटवर या. झाकणाच्या कचरापेटीचा खर्च मेंटेनन्समधनं घालतो, कुणाची हरकत असली तर आजच सांगा.