शब्दचर्चा : मंत्र 'प्रिपेअर' करणे, मल्टिक्लास असताना

शहापूरकर :
शनिवारी टिळकवाडीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ असतो, 2014 चे नियम, बोलणं सगळं मराठीत आणि मधेमधे कन्नड. प्रिपेअरला, म्हणजे वापरायचे मंत्र आधी निवडून ठेवण्याला, आम्ही 'मंत्र सिद्ध करणे' म्हणतो, कन्नडवाल्या दोस्तांनाही सिद्ध शब्द कळतो म्हणून तोच बसला. स्लॉटला, म्हणजे मंत्र टाकताना खर्च होणाऱ्या ताकदीच्या वाट्याला, 'खण'. आता एकाचं पात्र मल्टिक्लास, म्हणजे दोन क्लासचं (क्लास म्हणजे पात्राचा पेशा), क्लेरिक (देवाचा पुजारी) लेव्हल 3, विझार्ड (पोथीवाला जादूगार) लेव्हल 2 झालंय आणि तो म्हणूलालाय की कोष्टकात मला तिसऱ्या लेव्हलचे दोन खण मिळाल्यात, मग फायरबॉल हा विझार्डचा तिसऱ्या लेव्हलचा मंत्र सिद्ध करतो की. डीएम (खेळ चालवणारा) नाही म्हणतोय. नियम सांगाच, पण शब्द कुठले वापरायचे तेही सांगा.

निपाणीकर :
डीएमचं बरोबर आहे. स्लॉट मोजताना दोन्ही क्लासच्या लेव्हली एकत्र करायच्या, 3 आणि 2 म्हणजे 5, म्हणून पहिल्या लेव्हलचे 4, दुसऱ्याचे 3, तिसऱ्याचे 2. पण प्रिपेअर करताना प्रत्येक क्लास वेगळा धरायचा, जणू दुसरा क्लास त्याच्याकडं नाहीच. विझडम 16 असेल तर क्लेरिकची लेव्हल 3 अधिक विझडमचे 3 असे 6 मंत्र, दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे. इंटेलिजन्स 14 असेल तर विझार्डची लेव्हल 2 अधिक इंटेलिजन्सचे 2 असे 4, आणि ते फक्त पहिल्या लेव्हलचे, कारण नुसत्या दुसऱ्या लेव्हलच्या विझार्डला त्याच्यावरचं काही येत नाही. डोमेनचे (क्लेरिकच्या देवाच्या क्षेत्राचे) मंत्र या 6 मध्ये धरायचे नाहीत, ते कायम तयारच असतात.

मग ते तिसऱ्याचे दोन स्लॉट कशाला? खालचेच मंत्र जोरात टाकायला. मॅजिक मिसाईलचे तीनाऐवजी पाच बाण जातात, क्युअर वूंड्सला (जखम भरायचा मंत्र) 1 च्या जागी 3 डी8, म्हणजे आठ बाजूंचे फासे, मिळतात. हे काय कमी नाही बघा.

आता शब्द. तुमचा घोळ 'खण' शब्दानं केलाय असं माझं स्पष्ट मत आहे. खण म्हटलं की त्यात काहीतरी ठेवायचं असं डोक्यात येतंच, तिसरा खण आहे म्हणजे तिसऱ्याचा मंत्र ठेवू. जुन्या आवृत्त्यांत तसं होतंही, मंत्र स्लॉटात बसवायचा आणि टाकला की गेला. आता स्लॉट म्हणजे नुसती ताकद, मंत्राची यादी वेगळी, टाकला तरी तो यादीत राहतोच. स्लॉटला स्लॉटच म्हणा.

खानापूरवाला :
मला तर 'सिद्ध' पण खटकतंय. आपल्यात जप-पुरश्चरण करून मंत्र सिद्ध झाला की तो कायमचा हाताशी. इथं लाँग रेस्ट (लांब विश्रांती) झाली की यादी बदलता येते. सॉर्सरर, बार्ड या क्लासचे जे 'नोन' (शिकलेले) मंत्र असतात त्यांना सिद्ध शोभतं, क्लेरिक-विझार्डला साधं 'तयार करणे' बरं. आणि सगळ्यात वाईट शब्द लेव्हल! पात्राची लेव्हल, क्लासची लेव्हल, मंत्राची लेव्हल, स्लॉटची लेव्हल, सगळ्याला एकच शब्द, माणूस गोंधळणारच. आम्ही मंत्राला आणि स्लॉटला 'पायरी' म्हणतो, लेव्हल फक्त पात्राला आणि क्लासला. "विझार्ड लेव्हल 2, म्हणून पहिल्या पायरीचे मंत्र" असं म्हटलं की भांडण होत नाही.

शहापूरकर :
पायरी एकदम पटलं, पुढच्या शनिवारपासून चालू करतो. अजून एक, डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखायचा मंत्र) क्लेरिक-विझार्ड दोन्हींच्या यादीत आहे, तो कुठनं धरू?

निपाणीकर :
ज्या क्लासमधनं तयार केला त्याच्या आकड्यात धरायचा, आणि टाकताना क्षमता (विझडम किंवा इंटेलिजन्स) पण त्याच क्लासची. मी तर सांगतो तो विझार्डच्या पोथीत लिहून ठेवा. पोथीत असला की विझार्ड तो रिच्युअल म्हणून, म्हणजे स्लॉट न खर्चता, तयार न करता पण टाकू शकतो, दहा मिनिटं जास्त लागतात एवढंच. क्लेरिकला रिच्युअलसाठी सुद्धा तयार करावाच लागतोय, म्हणजे 6 मधली एक जागा जाते.

हिंडलगेकर :
कुणी 2024 चे नियम वापरूलालात तर लक्षात ठेवा, तिथं बार्ड, सॉर्सरर सगळ्यांनाच 'प्रिपेअर्ड' शब्द लावलाय, त्यामुळं खानापूरवाल्यांचा सिद्ध-तयार भेद तिथं चालणार नाही, सरसकट तयारच म्हणा. आकडा पण विझडम-इंटेलिजन्सवर नाही, क्लासच्या कोष्टकात ठरलेला. क्लेरिक 3 ला 6, विझार्ड 2 ला 5. क्लास वेगवेगळे धरायचे ते मात्र तसंच, फायरबॉल तिथंही मिळत नाही.