रीमा लागू फक्त गोड आई?
"रीमा लागू म्हणजे सिनेमातली सलमान खानची गोड आई, बास" असं कोणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. मुळात ती रंगभूमीची बाई, आई मंदाकिनी भडभडे पण नाटकातलीच. 'सविता दामोदर परांजपे' नाटकातली तिची झपाटलेली बाई आठवा, गोड कुठली, अंगावर काटा यायचा! आणि 'वास्तव' सिनेमात तर शेवटी पोटच्या पोराला स्वतः गोळी घालते, तो पोरगा म्हणजे संजय दत्त, जन्म १९५९चा आणि हिचा १९५८चा, म्हणजे जेमतेम वर्षाने लहान, तरी बघताना एकदाही खटकत नाही. 'तू तू मैं मैं' या हिंदी मालिकेतली खाष्ट सासू तर आमच्याकडे जेवणाची ताटं हातात घेऊन बघायचे सगळे, आजीसकट. २०१७ला गेली तेव्हाही एका हिंदी मालिकेचं शूटिंग चालूच होतं तिचं.