ममीवरचे ते चेहरे: माणूस असताना काढलेले की गेल्यावर?

पेठेतला फ्रेमवाला
लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात आमचं फ्रेमचं दुकान. "तेराव्याच्या आत द्या हो" म्हणत गिऱ्हाईक येतं. हातात लग्नाचा ग्रुप फोटो, मागच्या रांगेत अर्धे झाकलेले आजोबा, नाहीतर आधार कार्डाची झेरॉक्स. माणूस ऐंशीचा होऊन गेला तरी भिंतीवर चढतो पन्नाशीतला. परवा इजिप्तमधल्या फायूमचे, रोमन काळातले, लाकडी फळीवर रंगवून ममीच्या तोंडावर बसवलेले चेहरे पाहिले. बहुतेक सगळे तरणेताठे, डोळे थेट आपल्यावर. प्रश्न धंद्यातला आहे: ही चित्रं आधी काढून ठेवायचे, की तेव्हाही आमच्यासारखीच घाई?

मेणवाली
काका, दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. फायूममधल्या हवारा इथे उत्खनन करणाऱ्या पेट्रीला एका थडग्यात चक्क चौकटीत बसवलेलं, टांगायला दोरी असलेलं चित्र सापडलं. म्हणजे काही तरी घरात लागलेली असणार. बऱ्याच फळ्यांचे वरचे कोपरे नंतर छाटलेत, ममीच्या पट्ट्यांत बसावं म्हणून. उलट, काही ममींचं सीटी स्कॅन केलं तर आतल्या माणसाचं वय चित्राशी जुळलं, म्हणजे ती गेल्याच्या सुमारास काढलेली असणार. लहान मुलंही आहेत त्यात. तेव्हा लोक जायचेच लवकर.

पेठेतला फ्रेमवाला
कोपरे छाटलेले म्हटल्यावर पटलं. आम्ही ग्रुप फोटोतून आजोबा काढतो ते असंच, शेजारच्या काकूंचा खांदा उडवून. पण रंग एवढा टिकला कसा? आमचा इंकजेट उन्हात दोन वर्षांत पिवळा पडतो.

मेणवाली
मधमाशांचं मेण! त्यात रंगाची पूड कालवून ब्रशने आणि टोकदार हत्याराने लावायचं. गालावरचे फटकारे अजून उठून दिसतात. सगळीच मेणातली नाहीत, काही टेंपेरात, म्हणजे सरस किंवा अंड्यात कालवलेल्या रंगात आहेत. फळी बऱ्याचदा लिंडेन झाडाची, इजिप्तमध्ये न उगवणारी, बाहेरून आणलेली. जाडी कित्येकदा जेमतेम दोन मिलिमीटर, तुमच्या फ्रेममागच्या एमडीएफच्या पाटीपेक्षा पातळ. टिकण्याचं बाकी काम कोरड्या वाळूचं.

नळस्टॉपकर
ब्रिटिश म्युझियममधली आर्टेमिडोरस नावाच्या माणसाची ममी बघा. लाल पेटी, सोन्याचं काम, आणि निरोपाच्या ग्रीक ओळीत शुद्धलेखनाची चूक.

पेठेतला फ्रेमवाला
त्याच्या घरच्यांनी चालवून घेतलं की! आमच्याकडे गेल्या महिन्यात 'विष्णू'चा णू ऱ्हस्व पडला. गिऱ्हाईकाने काउंटरवरच काच काढायला लावून नावाची पट्टी बदलून घेतली. वर जादा पैसे नाहीतच.