काठीच्या आत बंदुकीची नळी : ही नेमकी कोणत्या प्रकारची असावी?

गिरगावकर :
नमस्कार. आमच्या चाळीचा पुनर्विकास होणार असल्यामुळे पोटमाळ्यावरचे सामान खाली काढले, तेव्हा पणजोबांची एक काळी काठी हाती लागली. घरात तिला सर्वजण ‘गुप्ती’ म्हणत आले आहेत. परंतु मूठ कितीही ओढली तरी पाते बाहेर येत नाही, आणि टोकाची शेंबी काढल्यावर आत गोल, पोकळ नळी दिसते. काठी लोखंडी असून लांबी सुमारे ९० सेंटीमीटर आहे, वर काळे रोगण आहे आणि लाकडाच्या गाठी वाटाव्यात असे उंचवटे मुद्दाम घडवलेले आहेत. नळीचे तोंड व्हर्नियरने मोजले असता ८ मिलिमीटरच्या आसपास भरले. कोठेही नाव, क्रमांक वा शिक्का आढळत नाही. ही कोणत्या देशातील व कोणत्या काळातील असावी?

जुनी_हत्यारे :
ही गुप्ती नव्हे, काठीच्या रूपातील बंदूक आहे. कृपया नळीत डोकावू नका आणि कोणतीही कळ दाबून पाहू नका, कारण अशा जुन्या नळ्यांत कधी कधी बार तसाच भरलेला राहून गेलेला असतो.

या प्रकारात बाहेरच्या नक्षीपेक्षा गोळीला जोर कोठून मिळतो हे आधी पाहावे. इंग्लंडमध्ये जॉन डे यांनी १८२३ साली पेटंट घेतलेल्या काठीत घोडा खालच्या बाजूला असतो व टोपीवर, म्हणजे ठोक्याने पेटून बार उडवणाऱ्या छोट्या धातूच्या वाटीवर, आपटतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने जॉन थॉमस यांच्या १८५८ च्या पेटंटवरून ज्या काठ्या काढल्या, त्या आधी टोपीच्या व पुढे काडतुसाच्या होत्या; त्यांवर गटापर्चाचे, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचे, आवरण असे आणि मूठ पुष्कळदा कुत्र्याच्या तोंडाची असे. फ्रान्स व बेल्जियममध्येही काडतुसाच्या काठ्या मोठ्या प्रमाणावर बनल्या; बेल्जियममधील लीज शहराच्या मालावर लंबगोलात ‘ईएलजी’ हा चाचणीचा शिक्का सापडतो, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर माल १८९३ नंतरचा समजावा.

आपल्या काठीला घोडा, टोपी बसवण्याची चोच किंवा काडतूस घालण्याचे दार आहे का? आणि ती मध्यावर उघडते का?

गिरगावकर :
घोडा नाही, चोच नाही, दारही नाही. काठी साधारण मध्यावर आट्यांनी उघडते, हे आपण विचारल्यावरच लक्षात आले. खालच्या भागात काळ्या नळीच्या आत दुसरी पितळी नळी असून तिच्या आतून पिळाच्या खाचा गेल्या आहेत. वरच्या भागात जोडाजवळ बाजूला एक छोटे भोक आहे, त्याच्या तळाशी चौकोनी खुंटी दिसते. शेजारी मसुराएवढे बटण आहे. मुठीकडचा हा भाग पोकळ वाटतो, पण सर्व बाजूंनी बंद आहे.

जुनी_हत्यारे :
मग शंका उरत नाही. ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बनावटीची हवेची काठी-बंदूक आहे. मुठीकडचा बंद पोकळ भाग ही हवेची टाकी. ती वेगळ्या हातपंपाने भरत, आणि त्यासाठी पंपाचे शेकडो हात मारावे लागत. चौकोनी खुंटीवर किल्ली बसवून आतील कमान (स्प्रिंग) ताणायची. बटण दाबले की कमानीचा ठोका झडपेवर बसतो, झडप क्षणभर उघडते आणि तेवढ्या हवेने शिशाची गोळी सुटते. एकदा टाकी भरली की बरेच बार होत, मात्र प्रत्येक बाराबरोबर जोर उतरत जाई. धूर नाही, आवाज बेताचा. त्यामुळे ससे व कावळे टिपण्यासाठी हौशी लोक ती वापरत. आतली खाचांची नळी गोळीसाठी, आणि ती काढली की बाहेरची गुळगुळीत नळी छर्‍यांसाठी, अशी दुहेरी सोय असे.

शिक्का नसणे येथे खटकण्यासारखे नाही, कारण दारूच्या बंदुकीला लागणारी चाचणी हवेच्या बंदुकीला लागू नव्हती. बर्मिंगहॅममध्ये असा बिननावाचा माल तयार होई आणि दुकानदार हवे तर त्यावर आपले नाव घालीत. म्हणून कारागीर शोधण्याच्या मागे फार लागू नये, असे मला वाटते. टाकीत सायकलच्या पंपानेसुद्धा हवा भरू नका. आतून गंजलेली जुनी टाकी फुटू शकते. रोगणही घासू नका, मूळ काळा थर गेला की निम्मी किंमत गेलीच म्हणायची.

वकील_दादर :
कायद्याची बाजू मांडतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५(सी) ची, म्हणजे हा कायदाच लागू न होण्याची, सवलत केवळ जुनेपणावर मिळत नाही. दुरुस्ती करूनही जे हत्यार बंदूक म्हणून चालू शकणार नाही, त्यालाच ती लागू होते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे हवेच्या बंदुकीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटरपेक्षा, जास्त असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि आपली नळी तर ८ मिलिमीटरची आहे. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत. छायाचित्रे व मोजमापे घेऊन आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. काठी हातात घेऊन लोकलने जाऊ नये.

गिरगावकर :
आभारी आहे. धाकटे काका ती चोर बाजारात दाखवू म्हणतात, तर आत्येभाऊ आपल्याबरोबर न्यू जर्सीला नेऊ म्हणतो.

वकील_दादर :
दोन्ही नको. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे. चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरचा व्यापारी भाव सांगेल, कागदपत्रे विचारणार नाही. आणि पुढे विचारणा झाली तर ती आपल्याकडेच होईल.

जुनी_हत्यारे :
पोटमाळ्यावरचे बाकीचे सामान भंगारात देण्यापूर्वी एकदा चाळून पाहा. चौकोनी भोकाची छोटी किल्ली, गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा साचा आणि पायाने दाबून धरण्याची आडवी दांडी असलेला लांब लोखंडी पंप, असा हा संच असे. पंप बहुतेक घरांत निरुपयोगी नळ समजून टाकून दिला जातो.