मदत हवी आहे: स्कूबा डायव्हिंगसाठी ॲक्शन कॅमेऱ्याचे सेटिंग कसे ठेवावे?

नमस्कार.

स्कूबाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून माझ्या आतापर्यंत चौदा डाइव्ह झाल्या आहेत आणि १८ मीटर ही माझी खोलीची मर्यादा आहे. शेवटच्या चार डाइव्हमध्ये मी ॲक्शन कॅमेरा बरोबर नेला, सगळे काही ऑटोवर ठेवले आणि घरी येऊन चित्रण पाहिल्यावर फार हिरमुसले. डोळ्यांनी जे पाहिले होते, त्यातले फारच थोडे त्यात उतरले आहे.

कॅमेरा ४के चित्रण सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत करतो. त्यात १०-बिट रंग आणि फ्लॅट प्रोफाइल (नंतर संगणकावर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिके ठेवलेले चित्रण) आहे, शिवाय व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा समतोल, हाताने ठरवता येतो. नुसता कॅमेरा १० मीटरपर्यंतच चालतो, म्हणून तो ६० मीटरपर्यंत चालणाऱ्या हाउसिंगमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या डबीत) बसवून नेते. माझ्याकडे व्हिडिओचा दिवा नाही. एक लाल फिल्टर मात्र मैत्रिणीकडून मिळणार आहे.

सर्वांत मोठी अडचण रंगांची आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते हे पुस्तकात वाचले होते, पण ते खरे समजले एका क्लिपमुळे. माझ्या बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) घड्याळाचा पट्टा भडक लाल आहे. १५ मीटरवर तो काळपट तपकिरी दिसतो, आणि वर येताना ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला (सुरक्षेसाठी घ्यायच्या थांब्याला) थांबलो तेव्हा त्याच पट्ट्यात हळूहळू लाली परत आलेली दिसते. हे निसर्गाचे झाले; परंतु ऑटो व्हाइट बॅलन्स मध्येच रंग बदलतो, त्याचे काय करावे? एक कासव प्रवाळाकडून मोकळ्या पाण्याकडे वळले, तेवढ्या सहा-सात सेकंदांत चित्र निळ्यावरून हिरव्यावर आणि हिरव्यावरून जांभळट झाले. असे सरकणारे रंग नंतर संगणकावरही नीट करता आले नाहीत.

दुसरे असे की, खडकाच्या कपारीत डोकावून घेतलेल्या चित्रणात दाणेच दाणे दिसतात, आणि स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवणारी सोय) पूर्ण चालू असूनही तिथे चित्र थरथरते. तिसरे, वीसेक मिनिटांनी हाउसिंगच्या काचेवर आतून वाफ धरते.

आता मूळ मुद्दा. कॅमेरा नेलेल्या चारपैकी दुसऱ्या डाइव्हमध्ये १४ मीटरवर असताना मी बटणे दाबून मेन्यूत काहीतरी बदलत होते आणि त्या नादात १७ मीटरपर्यंत खाली गेले. बडीने खांद्याला हात लावून माझाच डाइव्ह कॉम्प्युटर (खोली दाखवणारे उपकरण) माझ्यासमोर धरला, तेव्हा ते माझ्या लक्षात आले. त्या क्षणाची आठवण मला अजून अस्वस्थ करते. म्हणून मला असे सेटिंग हवे आहे, जे पाण्यात उतरण्यापूर्वी एकदा ठरवले की पुन्हा त्याला हात लावावा लागणार नाही. त्यात चित्राचा दर्जा थोडा कमी झाला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर कायम ठेवावा का? ३० फ्रेम की ६०? आयएसओला (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेला) मर्यादा किती घालावी? आणि लाल फिल्टर लावावा की नाही? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद १

तुम्ही मेन्यूला हात न लावण्याचा जो निर्णय घेतला आहे, तो अगदी योग्य आहे. त्याला धरूनच सांगतो.

रंगांच्या बाबतीत बहुतेक जण फक्त खोलीचा विचार करतात. प्रत्यक्षात प्रकाश पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंत जितके पाणी ओलांडतो, ते सगळे अंतर धरावे लागते. १० मीटर खोलीवर चार मीटर लांबचा मासा टिपलात, तर रंगांच्या दृष्टीने ते साधारण १४ मीटरचे चित्र झाले, आणि मधल्या पाण्यातले कण चित्र धुरकट करतात ते वेगळेच. त्यामुळे एक मीटरच्या आत जाता येत असेल तरच रेकॉर्डिंग सुरू करा, असे मी सुचवीन. कोणत्याही सेटिंगपेक्षा याने जास्त फरक पडतो. मात्र पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ भासतात, तेव्हा पुरेसे जवळ आलो असे वाटले तरी अंतर अजून शिल्लक असते. आणि जवळ जाताना प्रवाळाला पायातले फिन लागणार नाही इतका तोल आधी साधलेला हवा.

व्हाइट बॅलन्स फिल्टरवर ठरतो. फिल्टर लावणार असाल तर ऑटो ठेवा, कारण फिल्टर निळा-हिरवा भाग कमी करतो आणि कॅमेऱ्याला दुरुस्ती करण्याजोगा समतोल मिळतो. फिल्टर नसेल तर व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या (प्रकाशाची रंगछटा मोजण्याच्या एककाच्या) आसपास कायम करा, किंवा गोप्रोमध्ये ‘नेटिव्ह’ नावाचा जो पर्याय असतो तसा तुमच्याकडे असल्यास तो निवडा, आणि १०-बिट, फ्लॅट प्रोफाइल व सर्वांत जास्त बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) घ्या. १०-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या असतात, ८-बिटमध्ये २५६. नंतर लाल रंग ओढून वर काढताना हाच फरक उपयोगी पडतो. चित्र निळे दिसेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे निळे असेल, आणि सारखी चूक दुरुस्त करता येते. तरीही १५ मीटरच्या पुढे लाल प्रकाश पोहोचतच नसेल, तर संगणकही तो निर्माण करू शकत नाही. तिथे वर येतात ते फक्त दाणे.

लाल फिल्टर स्वच्छ निळ्या पाण्यात, डोक्यावर ऊन असताना, साधारण ५ ते १५ मीटरच्या दरम्यान चांगले काम करतो. तो एक स्टॉपपेक्षा (म्हणजे निम्म्याहून) जास्त प्रकाश खातो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा कपारीत तो काढलेला बरा. पुढे कधी दिवा घेतलात तर दोन्ही एकत्र वापरू नका. दिव्याचा पांढरा प्रकाश फिल्टरमधून लालभडक दिसतो.

६० फ्रेमवर एका फ्रेमला जास्तीत जास्त एक साठांश सेकंद प्रकाश मिळतो, तर ३० वर त्याच्या दुप्पट. पाण्याखाली प्रकाशाचीच वानवा असते, म्हणून ४के ३० हे तुमचे कायमचे सेटिंग असू द्या. शटर ऑटो, आयएसओ किमान १०० आणि कमाल ८००, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली. कपारीतले चित्र थोडे अंधारे येईल, परंतु दाण्यांनी भरलेल्या चित्रापेक्षा ते नक्कीच पाहवते. कपारीतली ती थरथर स्टॅबिलायझेशनचीच आहे: मंद प्रकाशात शटर हळू चालते, हात हलला की फ्रेम पुसट होते, आणि सॉफ्टवेअर चौकट सरळ करू शकते, पुसटपणा काढू शकत नाही. स्टॅबिलायझेशन सौम्य ठेवा आणि दोन मुठींचा ट्रे वापरा. लेन्स वाइडच राहू द्या. सपाट काचेतून पाण्यात पाहताना दृश्यकोन आपोआप अरुंद होतो, त्यात लिनिअर (कडांचा बाक सरळ करणारा पर्याय) निवडून तो आणखी कापू नये.

वाय-फाय, जीपीएस आणि आवाजी आज्ञा बंद करा. पाण्याखाली त्यांचा उपयोग नाही आणि कॅमेरा उगाच तापतो. ही उष्णता आणि गार काच मिळून तुमची वाफ तयार होते. हाउसिंग कोरड्या, थंड खोलीतच बंद करा, आत ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या ठेवा, आणि नावेवर ते उन्हात ठेवू नका.

प्रतिसाद २

वरील माहितीत एवढीच भर घालतो की, पाणी हिरवट असेल तर लाल फिल्टर उपयोगी नाही. तिथे मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर लागतो. तसेच हाउसिंग बंद करण्यापूर्वी ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे) उजेडात धरून पाहावी. एक केस अडकला तरी पाणी आत शिरते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कासवाची ती क्लिप पुन्हा पाहिली. कासव माझ्यापासून निदान पाच मीटर लांब होते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्सला मी उगाच सगळा दोष देत होते, असे आता वाटते. मी दोन प्रीसेट करून ठेवत आहे: एक फिल्टरसह ऑटो व्हाइट बॅलन्सचा, दुसरा फिल्टरशिवाय ५५०० वर कायम केलेला. कोणता घ्यायचा ते नावेवर पाणी आणि ऊन पाहून ठरवीन आणि खाली मेन्यू उघडणार नाही. ओ-रिंगबद्दल वाचल्यावर असेही ठरवले आहे की, पहिल्या डाइव्हला हाउसिंग रिकामेच न्यायचे, आत टिश्यू पेपरची एक घडी ठेवून. ती कोरडी वर आली तरच दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा आत बसवीन.