तंतूवरचा थेंब: ओघळतो की सरकतो?

प्रश्न : एका विज्ञानलेखाच्या अनुवादात, बारीक तंतूवरून पुढे जाणाऱ्या थेंबासाठी मी 'ओघळणे' हे क्रियापद योजले होते, संपादकांनी ते बदलून 'सरकणे' केले. या दोहोंत नेमका भेद काय?

उत्तर : संपादकांची दुरुस्ती मला योग्य वाटते. 'ओघळणे' म्हटले की मागे ओघळ उरणे आलेच, आणि ओघळ म्हणजे सलग रेघ. काचेवर किंवा गालावर ती दिसते. तंतूवर मात्र ती टिकत नाही. थेंब वेगाने पुढे गेला तर त्याच्यामागे तंतूभोवती द्रवाचे पातळ वेष्टन राहते खरे, परंतु पृष्ठताणामुळे ते ठिकठिकाणी आवळले जाते, मधल्या जागी फुगते आणि पाहता पाहता त्याचे मणी होतात. द्रवाच्या दंडगोलाची लांबी त्याच्या परिघाहून अधिक झाली की तो अस्थिर होतो, हे बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी १८७३ सालच्या ग्रंथात मांडले आहे. कोळ्याच्या जाळ्यातील चिकट धागा भिंगाखाली धरला तर त्यावर ओळीने बसलेले मणी दिसतात, तेही याच कारणाने. म्हणजे तंतूवर उरते ती माळ.

शिवाय 'ओघळणे' उताराखेरीज संभवत नाही. निमुळत्या तंतूला वेढून बसलेला थेंब, तंतू आडवा असला तरी, आपणहून जाड टोकाकडे जातो. त्याला 'सरकणे'च शोभते.

'ओथंबणे' हा मला फार आवडणारा शब्द. पण तो धारण करणाऱ्याचा आहे. ढग ओथंबतो, फांदी ओथंबते. त्याच न्यायाने तंतू ओथंबतो आणि थेंब लोंबतो. थेंबाचे वजन आकारमानाबरोबर वाढत जाते, तंतूची पकड मात्र त्याच्या जाडीपुरतीच असते. म्हणून वाढता थेंब अखेर सुटतो.

पुरवणी प्रश्न : दोन थेंब मिळतात तेव्हा 'एकजीव होणे' चालेल का?

उत्तर : ते परस्परांना भिडून मिळत असतील तर अवश्य. परंतु कधी कधी दोन थेंब जागचे न हलताही, त्यांना जोडणाऱ्या पातळ थरातून लहानातला द्रव मोठ्यात जातो, कारण लहान थेंबाच्या आत दाब अधिक असतो. तेथे 'आटणे' लिहिल्यास बाष्पीभवनाचा भास होईल. 'लहान थेंब मोठ्यात रिता होतो' असे मी लिहीन.